दोन वह्यांत न मावणारे काम

कलावंत गेला की त्याच्या आयुष्याचा हिशेब आपण दोन वह्यांत मांडतो. पहिली वही रंगमंचाची. तिच्यात गुरू, दौरे, पुरस्कार येतात. दुसरी वही पातळ, आणि ती शेवटी उघडायची. तिच्यात अमुक शाळेतल्या मुलांना शिकवले, तमुक रुग्णांचे वर्ग घेतले, अशी 'सामाजिक कार्या'ची नोंद होते. समकालीन नर्तक अस्ताद देबू १० डिसेंबर २०२० रोजी मुंबईत निवर्तले. त्यांच्याविषयी बोलतानाही पुष्कळांची मांडणी अशीच असते: आधी थोर नर्तक, मग कर्णबधिरांसाठी झटलेला भला माणूस. ही मांडणी मला चुकीची वाटते, आणि तिची किंमत गावांना मोजावी लागते. नर्तकाचे लोकांमधले काम ही त्याच्या कलेची उरलीसुरली बाजू आहे असे एकदा मानले, की आमच्या बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात तो फक्त पाहुणा म्हणून येतो. नारळ, शाल, तासाभराचा कार्यक्रम, आणि संध्याकाळच्या आत गाडी पुण्याच्या वाटेला लागलेली असते.

देबूंची वाटचाल नीट पाहिली तर या दोन वह्या वेगळ्या ठेवताच येत नाहीत. १९४७ साली नवसारीत जन्मलेला हा पारशी मुलगा जमशेदपूरला वाढला आणि गुरू प्रह्लाद दास यांच्याकडे कथक शिकला. मुंबईत त्याने वाणिज्य शाखेची पदवी घेतली. १९६९ मध्ये तो देशाबाहेर पडला आणि पुढची कित्येक वर्षे जगभर भटकत शिकत राहिला. लंडनमध्ये त्याने मार्था ग्रॅहमचे तंत्र शिकले, न्यूयॉर्कमध्ये होसे लिमाँची पद्धत, आणि जर्मनीत पिना बाउश यांच्या नृत्यकंपनीबरोबर काम केले. परत आल्यावर कथकलीसाठी तो केरळात गुरू ई. कृष्ण पणिक्कर यांच्याकडे गेला. एवढे शिकून आलेल्या माणसाला इथे जागा मात्र नव्हती. शास्त्रीय नृत्याच्या रसिकांना तो परका वाटे आणि परदेशी आयोजकांना पुरेसा भारतीय वाटत नसे. कोणत्याच घराण्यात न बसणारा हा नर्तक ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कोलकात्यात 'द अॅक्शन प्लेयर्स' या कर्णबधिर कलावंतांच्या नाट्यसंस्थेबरोबर काम करू लागला.

तारखांचा क्रम इथे महत्त्वाचा आहे. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९९५ मध्ये मिळाला, पद्मश्री २००७ मध्ये. म्हणजे मान्यता मिळाल्यावर समाजाचे ऋण फेडायला ते कर्णबधिरांकडे वळले, असे घडलेले नाही. आधी ते तिथे गेले आणि त्या कामासह मोठे झाले. पुढे चेन्नईच्या क्लार्क स्कूल फॉर द डेफमधल्या मुलींबरोबर त्यांनी नृत्यरचना केल्या. जानेवारी २००५ मध्ये मेलबर्नला कर्णबधिरांचे ऑलिंपिक भरले, तिथे या मुली त्यांच्याबरोबर नाचल्या. २००९ मध्ये दिल्लीच्या सलाम बालक ट्रस्टमधल्या, रस्त्यावरचे आयुष्य पाहिलेल्या मुलांना सहा महिने तयार करून त्यांनी 'ब्रेकिंग बाउंडरीज' ही रचना उभी केली. मणिपूरच्या पुंग चोलम या ढोलनृत्याच्या आणि थांग-ता या युद्धकलेच्या कलावंतांबरोबरचे त्यांचे काम तर सर्वांना माहीत आहे. या सगळ्यांतून एकच प्रश्न वाहतो. माझ्या शरीराला जे येत नाही ते या दुसऱ्या शरीराला येते का, आणि येत असेल तर माझी रचना त्यासाठी किती बदलायला तयार आहे?

कर्णबधिर नर्तकाबरोबर काम करणे म्हणजे नेमके काय, याची आपल्याला फारशी कल्पना नसते. तबल्याची थाप त्याच्या कानावर पडत नाही. मग समेवर यायचे कसे? मात्रा डोळ्यांत आणि श्वासात बसवाव्या लागतात. समोरून हाताच्या खुणा द्याव्या लागतात, आणि सराव इतका करावा लागतो की पुढे त्या खुणांचीही गरज उरत नाही. शेजारच्याचा खांदा डोळ्याच्या कडेने टिपायचा, लाकडी तक्तपोशीवर पडलेल्या पावलाचा हादरा आपल्या तळव्याने ओळखायचा. संगीताचा आधार काढून घेतला की शिकवणाऱ्यालाच पहिल्यांदा कळते, की आजवर आपण किती गोष्टी साथीदारांवर सोडून दिल्या होत्या. देबूंच्या नृत्यातली ती विलक्षण संथ गती, एकेका वळणावर थांबून राहण्याची ताकद, शांततेतही न सुटणारी लय यांचे नाते या कामाशी आहे, असे माझे मत आहे. त्या मुलींनी त्यांच्याकडून घेतले, तसे त्यांनीही त्या मुलींकडून घेतले. हे उपकाराचे नाते नव्हे. दोन कलावंत एकमेकांकडून जे घेतात, तेच इथे घडले.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: हा उपचार झाला, कला कुठे आहे? या आक्षेपाला पुण्यातच एक चांगले उत्तर मिळते. समकालीन नर्तक हृषीकेश पवार यांनी २०१० च्या सुमारास पार्किन्सनच्या रुग्णांसाठी असलेल्या पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सदस्यांसाठी नृत्याचे वर्ग सुरू केले. त्याआधी, २००१ पासून, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांची नृत्यसंस्था असेच वर्ग घेत होती. पार्किन्सनमध्ये मेंदूतले डोपामिन कमी होत जाते. हात कापतात, स्नायू ताठरतात, चालता चालता पाय जमिनीला खिळल्यासारखा थबकतो. आतून निघणारी 'चल' ही आज्ञा पायापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी बाहेरून ताल मिळाला, किंवा जमिनीवर ओलांडायला रेघ दिसली, तर थबकलेला पाय पुष्कळदा उचलला जातो. एवढ्यापुरते हे उपचाराचेच शास्त्र आहे आणि ते नाकारायचे कारण नाही.

पण वर्ग त्याच्यावर थांबत नाही. फिजिओथेरपिस्ट विचारतो, हात किती वर गेला? नृत्यशिक्षक विचारतो, हा हात कुणाला बोलावतो आहे? दोन्ही प्रश्न हवेत. दुसरा विचारला की समोरचा माणूस रुग्ण राहत नाही, शिकणारा होतो. त्याच्या चुका काढता येतात, त्याला पुन्हा करायला लावता येते, त्याचे खरे कौतुक करता येते. आणखी एक कारण आहे, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. पार्किन्सन बरा होत नाही, तो वाढत जातो. नृत्याचा वर्ग केवळ 'फायदा होतो' या आधारावर चालवला, तर ज्या वर्षी चाल सुधारणार नाही त्या वर्षी तो बंद करावा लागेल. माणसाला ज्या दिवशी वर्गाची सर्वाधिक गरज, नेमक्या त्या दिवशी वर्गाचे समर्थन संपलेले असेल. कलेला अशी अट नसते. शरीर थकत असतानाही माणसाला काही सांगायचे असते, आणि ते सांगण्याची जागा टिकवणे हे त्या वर्गाचे काम असते.

दुसरा आक्षेप उघड कुणी घेत नाही, तो टाळ्यांमधून ऐकू येतो. व्हीलचेअरवरची मुलगी रंगमंचावर आली की प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात, आणि तिने काय केले हे कुणी पाहिलेलेच नसते. या टाळ्या प्रेमाच्या असतील, पण त्या तिला कलावंत होऊ देत नाहीत. नर्तकी सुधा चंद्रन यांचा १९८१ च्या अपघातानंतर उजवा पाय गेला. जयपूर फूट हा कृत्रिम पाय लावून त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या त्याआधी वेदना, रक्त आणि पुन्हा पहिल्यापासून शिकणे हा मोठा काळ गेला होता. आपल्याला त्यातली जिद्द आठवते, सराव आठवत नाही. गावच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये तर जिद्दीचीही संधी नसते. ज्या मुलाला चालता येत नाही त्याला पहिल्या रांगेत बसवतात आणि टाळ्या वाजवायला सांगतात. पंधरा दिवसांत सिनेमाच्या गाण्यावर बावीस मुलांची ओळ बसवायची असते, बाईंना उसंत नसते, आणि रेकॉर्डमधल्या नाचाची नक्कल ज्याला जमत नाही तो आपोआप बाहेर पडतो. दोष बाईंचा नाही. नाच आधी ठरलेला आहे आणि मुलांनी त्याच्यात बसायचे आहे, ही समजूतच मुळात सदोष आहे. देबूंनी मुलांना सहा महिने दिले होते, कारण त्यांना नाच त्या मुलांमधून काढायचा होता.

आता कुणी म्हणेल, हे शहरातले आणि परदेशातले ज्ञान आमच्या गावांना कशाला? आमच्याकडे हे शेकडो वर्षे चालत आलेले आहे. या म्हणण्यात मोठे तथ्य आहे. बारामती तालुक्यातल्या आमच्या कन्हेरी गावाजवळच्या काटेवाडीत दर आषाढी वारीला तुकोबारायांची पालखी येते. परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, आणि मग मेंढ्या पालखीभोवती धावतात. पुढे इंदापूर तालुक्यात बेलवाडीला गोल रिंगण होते. पताकावाले, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, विणेकरी, टाळकरी, पखवाजवाले आपापल्या पाळीने धावतात, शेवटी अश्व. त्याच्या आगेमागे पावल्या चालू असतात. पावलीइतकी उदार रचना मी दुसरी पाहिलेली नाही. दोन पावले पुढे, एक मागे, वाकणे, उठणे, टाळाची साथ. सत्तर वर्षांचा गुडघे दुखणारा माणूस ती अर्धी करतो, विशीतला पोरगा उडी मारून करतो, आणि दोघेही एकाच तालात असतात. कुणाची परीक्षा नाही, कुणी मागे पडत नाही. रचनेतच एवढी सैल जागा ठेवली आहे की प्रत्येक शरीर आपल्या परीने तिच्यात मावते. समावेशक नृत्य शिकवणाऱ्या कुणालाही मी सांगेन, एक दिवस बेलवाडीच्या मैदानाच्या कडेला उभे राहा.

धनगरांच्या गजी नृत्याचे तसेच आहे. ढोलाच्या ठेक्यावर गोल धरून, हातातला रुमाल उडवत गडी नाचतात, आणि नवशिका पोरगा दोन जाणत्यांच्या मध्ये उभा राहून शिकतो. वेगळा वर्ग नाही, फी नाही.

तरीही 'आमच्याकडे आहेच' एवढ्यावर थांबायला माझे मन तयार नाही. गजीच्या त्या गोलात बाया बहुधा नसतात. आणि वारीतली समता किती खोल गेली होती, याची परीक्षा पंढरपुरातच झाली आहे. चंद्रभागेच्या वाळवंटात सगळे एकत्र नाचत होते, एकमेकांच्या पाया पडत होते. पण विठ्ठलाच्या मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्या समाजांना बंद होते. संत चोखोबांची समाधी महाद्वाराच्या बाहेर आहे. ते दार उघडायला १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले. शतकानुशतके एकत्र नाचूनही दार आपोआप उघडले नाही. नाच माणसांना जवळ आणतो हे खरे, पण जवळ आलेल्यांना हक्क मिळवून देण्याचे काम वेगळे असते आणि ते जाणीवपूर्वक करावे लागते. लोकांमध्ये जाऊन नृत्य करणाऱ्या कलावंताने हे विसरून चालत नाही.

आमच्या भागाला याहून जवळचा प्रश्न तमाशाचा आहे. गावजत्रेला तमाशा हवा, त्याशिवाय जत्रा नाही. फड ठरवायला गावोगावचे पंच नारायणगावला जातात, राहुट्यांमध्ये बसून सुपारी ठरते. लावणीच्या संगीत बारीसाठी पुणे-सोलापूर रस्त्यावरचा चौफुला आणि पुढे मोडनिंब ही नावे सगळ्यांना ठाऊक आहेत. महाराष्ट्रात सामान्य माणसासमोर, उघड्या मैदानात, वर्षातले कित्येक महिने नाचणारे व्यावसायिक कलावंत कोण, असे विचारले तर उत्तर हेच द्यावे लागेल. कोल्हाटी, मांग, महार समाजांतल्या स्त्री-पुरुषांनी ही कला जिवंत ठेवली. लोकांमध्ये राहून काम करणारा नर्तक आपण शहरात शोधतो, आणि तो आपल्याच दारावरून ट्रकमधून जात असतो.

तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर यांची एक हकीकत महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, आडोशाला जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे आल्या. ही गोष्ट आपण धैर्याची म्हणून सांगतो, आणि धैर्य तर होतेच. पण खेळ थांबवता का येत नव्हता, हे आपण विचारत नाही. बाळंतपणासारख्या गोष्टीलाही जिथे जागा नाही, तिथे कलेने स्त्रीचे शरीर सामावून घेतले असे कसे म्हणायचे? राष्ट्रपतींकडून सन्मान झालेल्या या कलावतीचा अखेरचा काळ हलाखीत गेला. २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या, आणि काही वर्षांनी सरकारने त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. वाईच्या लावणी कलावंत यमुनाबाई वाईकरांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९७७ मध्येच मिळाला होता, तरी पद्मश्री मिळायला २०१२ उजाडले. तेव्हा त्यांनी नव्वदी कधीच ओलांडली होती.

म्हणून 'समावेशक' या कल्पनेची दिशा आपल्याकडे दोन्ही बाजूंनी तपासावी लागते. पाश्चात्त्य देशांत प्रश्न बहुतेक असा असतो, की नृत्याच्या दालनात कुणाला प्रवेश नव्हता आणि आता तो कसा द्यायचा. कर्णबधिर, वृद्ध, पार्किन्सन झालेले, व्हीलचेअरवरचे. तो प्रश्न आपलाही आहे. पण आपल्याकडे आणखी एक आहे: जी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आपल्यासाठी नाचली, त्यांना गावाच्या दालनात प्रवेश होता का? तमासगिराला रात्रभर डोक्यावर घ्यायचे आणि सकाळी त्याच्या पोरांना शाळेत वेगळे पाडायचे, हे ज्या समाजात चालले, त्याने 'सर्वांसाठी नृत्य' हे शब्द उच्चारण्याआधी आपल्या कलावंतांची बाकी चुकती केली पाहिजे.

आता कन्हेरीकडे येतो. आमच्या मारुतीच्या देवळासमोर निवडणुकीच्या प्रचाराचा नारळ फुटतो म्हणून गावाचे नाव महाराष्ट्राला माहीत आहे. ज्या जागेवर एवढी माणसे जमू शकतात, तिथे आठवड्यातून एक संध्याकाळ नृत्याचा वर्ग भरायला काय अडचण आहे? मला तर साधनांची चणचण दिसत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत आणि त्यांत पार्किन्सनही आहे. त्याच कायद्याच्या २९ व्या कलमात सांस्कृतिक जीवनातल्या सहभागाची जबाबदारी शासनावर टाकली आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६० हजार दिव्यांगांची नोंद झाली. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. ही रक्कम पुष्कळ ठिकाणी वस्तू वाटून किंवा खात्यावर जमा करून संपते. तशी मदत हवीच, तिच्यात हात घालू नये. पण थोडा हिस्सा नृत्यशिक्षकाच्या मानधनासाठी, वर्षभरासाठी, ठराव करून बाजूला ठेवला तर त्याला कुणी उधळपट्टी म्हणणार नाही.

मानधनाचा आग्रह मी मुद्दाम धरतो. हे काम सेवा म्हणून फुकट करावे, अशी अपेक्षा कलावंताकडून सर्रास केली जाते. इंग्रजीच्या शिकवणीला महिन्याची फी आणि नाचाला हार, हे जोवर चालेल तोवर कुणीही तरुण नर्तक या कामाला आयुष्य देणार नाही. देबूंनाही आयुष्यभर पैशांसाठी दारोदार फिरावे लागले, आणि ते अस्ताद देबू होते.

वर्गात कोण येईल याची मला नीट कल्पना आहे. उसात वाकून वाकून कंबर धरलेल्या बाया येतील, दोन्ही गुडघे गेलेले माजी टाळकरी येतील, हात कापतो म्हणून लग्नात पंगतीला बसायचे सोडलेले आजोबा येतील, गॅदरिंगमध्ये पहिल्या रांगेत बसवलेला तो मुलगा येईल. सुरुवात पावलीपासून करता येईल, कारण ती सगळ्यांच्या अंगात आहे. बसून पावली कशी करायची, हे शिक्षक आणि ते आजोबा मिळून शोधतील. गजीचा ठेका ऐकू येत नसलेल्या मुलीने ढोलाच्या पानावर तळहात ठेवून तो घ्यावा. सहा महिन्यांनी जत्रेत त्यांचा कार्यक्रम ठेवावा आणि त्याला जमलेल्यांनी चोखंदळपणे पाहावे, आवडले नाही तर तसे सांगावे.

शिक्षक शहरातूनच आणायला हवा असेही नाही. ठेका, अदा, उभे राहण्याची ऐट, हजार माणसांची नजर पेलण्याची ताकद हे सारे ज्यांच्या अंगात मुरलेले आहे, अशा कलावती चौफुल्याला, तासाभराच्या अंतरावर आहेत. त्यांतल्या एखादीला समावेशक नृत्याचे रीतसर प्रशिक्षण देऊन कन्हेरीला बोलवावे, असा माझा प्रस्ताव आहे. तिला 'बाई' म्हणून शाळेत मान मिळेल का, तिच्या मुलांना पटावर घेताना कुणी बापाचे नाव विचारून थांबेल का, आणि तिला राहायला गावात खोली कोण देणार, हे ग्रामसभेने वर्गाचा ठराव करण्याआधी ठरवावे.